कमी दिवसांची बाळं

नर्सिंग पूर्ण केल्यावर माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात, नवजात अतिदक्षता विभागात लागली. तिथं बाळ वर यायच्या आधी प्रसूतिगृहातून फोन यायचा : एकतीस आठवडे चार दिवस, जुळी, पहिलं दीड किलोच्या आत. त्या ‘चार दिवसां’चं मला तेव्हा काही विशेष वाटत नसे. आईची पहिली सोनोग्राफी अकराव्या-बाराव्या आठवड्यात झालेली असायची आणि तारीख फाइलीत पक्की असायची. त्या आकड्यावर आमची सगळी तयारी चाले. वॉर्मर किती तापवायचा, श्वासाला आधार देणाऱ्या सीपॅपचा मास्क कुठल्या मापाचा काढून ठेवायचा, फुफ्फुसांसाठीचं सर्फॅक्टंट फ्रिजमधून बाहेर घ्यायचं का, पहिल्या दिवशी किती मिली सलाईन, हे सगळं आठवड्यांवरून ठरायचं.

सदतीस आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलं ते कमी दिवसांचं, ही व्याख्या जगभर एकच आहे. पण तिथं येणाऱ्या आयांच्या अडचणी त्यांच्या शहराच्या होत्या. आयव्हीएफमधून राहिलेली जुळी-तिळी, पस्तिशी ओलांडलेल्या, रक्तदाब चढलेल्या, मधुमेह असलेल्या बायका. आईचा किंवा बाळाचा जीव धोक्यात येतोय म्हणून डॉक्टरांनीच आधी सिझेरियन केलेलं असे, आणि ते योग्यच असे. काही घरांत मात्र मुहूर्त काढलेला असायचा. पंचांगात सांगितलेली वेळ साधायची म्हणून सदतिसाच्या उंबरठ्यावर आणलेलं बाळ मग दोन-तीन दिवस धापा टाकत माझ्या ताब्यात असायचं. एवढं वाचता-लिहिता येणारं घर, आणि पोटातले शेवटचे दोन आठवडे फुफ्फुसांना किती लागतात हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसायचं. मला ते तेव्हा खटकायचं, आजही खटकतं.

पुढे सरकारी सेवेत आले आणि नंदुरबार जिल्ह्यात नेमणूक मिळाली. धडगाव, अक्कलकुवा, मोलगी या पट्ट्यातून बाळं यायची, सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातूनही यायची. आमच्याकडे विशेष नवजात शिशू कक्ष होता. सगळे त्याला एसएनसीयू म्हणतात. देशातला असा पहिला जिल्हा पातळीवरचा कक्ष २००३ साली पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात सुरू झाला. मोठ्या शहरातल्या मोठ्या यंत्रांशिवाय, ऊब, ऑक्सिजन, दूध आणि स्वच्छ हात एवढ्यावर किती बाळं वाचतात हे त्यानं दाखवलं आणि मग ही सोय जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. माझं बहुतेक आयुष्य अशाच कक्षांत गेलं आहे.

इथं बाळाआधी फोन येत नसे. आशाताईनं लुगड्यात गुंडाळलेलं बाळ छातीशी धरून आणलेलं असायचं, बरोबर एक चिठ्ठी. तिच्यावर वजन असे, १४५० ग्रॅम, आणि पुढे ‘एलबीडब्ल्यू’, म्हणजे कमी वजनाचं. आठवड्यांची जागा कोरी. आई मागच्या गाडीनं यायची, कधी दुसऱ्या दिवशी यायची. तिला मी विचारायचे, “बाई, शेवटची पाळी कधी आली होती?” ती नुसती बघत राहायची. तारीख हा तिच्या जगण्यातला भागच नव्हता, तर ती लक्षात कशी राहणार?

मग मी विचारायची रीत बदलली. तिथल्याच एका पावरा समाजाच्या मावशींनी मला ती शिकवली. आमच्या कक्षातल्या त्या सफाई कामगार. “सिस्टर, तारीख नका विचारू, भोंगऱ्या विचारा,” असं त्या म्हणाल्या. भोंगऱ्या बाजार होळीच्या आधीच्या आठवड्यात भरतो आणि त्याला कोण गेलं, कुणाबरोबर गेलं, हे कुणी विसरत नाही. मग प्रश्न असे होत गेले : भोंगऱ्याला गेलीस तेव्हा पाळी येत होती का? मोहाची फुलं वेचत होतीस तेव्हा? पोटात पहिल्यांदा हललं ते पेरणीच्या वेळी की निंदणीला? एक आई सांगत होती की होळीनंतर, मोह पडत असताना एकदा पाळी आली, मग नाही आली, आणि निंदणी चालू असताना हललं. बाळ ऑक्टोबरच्या शेवटी झालेलं. म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीपासून मोजलं तर तीस आठवडे. बाळ तपासलं तर तेही तेच सांगत होतं.

बाळ सांगतं, हे मी खरोखरीच्या अर्थानं म्हणते. बॅलार्ड नावाच्या डॉक्टरीणबाईंनी बसवलेली तपासणी आम्ही करतो. १९९१ साली सुधारलेली तिची आवृत्ती आजही वापरात आहे. तळव्यावर रेघा उमटल्या आहेत का, कान दुमडून सोडला तर लगेच सरळ होतो की तसाच पडून राहतो, छातीवरच्या बोंडाखाली गाठ हाताला लागते का, पाठीवर लव किती, हात गळ्यावरून पलीकडच्या खांद्याकडे ओढला तर कोपर किती लांब जातं. दोन आठवडे इकडेतिकडे होतात, पण कोऱ्या जागेपेक्षा ते कितीतरी बरं. या तपासणीनं माझ्या हाताला जे कळतं ते कुठल्या यंत्रानं मला दिलेलं नाही.

हे का महत्त्वाचं, ते एका रात्रीनं मला कायमचं समजावलं. दोन बाळं जवळपास एकाच वेळी आली, दोन्ही १६०० ग्रॅमच्या आसपास. चिठ्ठ्यांवर दोन्हींना ‘एलबीडब्ल्यू’. पहिल्याची कातडी लाल, चकचकीत, आतल्या शिरा दिसाव्यात इतकी पातळ. तळवे गुळगुळीत. ते मध्येच श्वास घ्यायचं विसरायचं, तळव्याला टिचकी मारली की पुन्हा सुरू करायचं. दूध ओढायची ताकद नाही, नळीनं द्यावं लागलं. दुसऱ्याची कातडी कोरडी, भेगाळलेली, पाय सुरकुतलेले, म्हाताऱ्या माणसासारखा चेहरा, पण डोळे टक्क उघडे. तळव्यांवर रेघाच रेघा. ते पूर्ण दिवसांचं होतं. पोटात नऊ महिने काढले, पण पोटातच उपाशी राहिलं. त्याची साखर झपाट्यानं उतरत होती आणि त्याला तातडीनं दूध हवं होतं. ते त्यानं बोंडल्यातून गटागटा घेतलं. पहिल्याला तसं बोंडल्यानं पाजलं असतं तर दूध छातीत गेलं असतं.

रजिस्टरात मात्र ही दोन बाळं एकाखाली एक, एकाच रकान्यात. महिन्याच्या शेवटी अहवाल गेला की जिल्ह्याच्या नावावर दोन कमी वजनाची बाळं. त्यातलं एक कमी दिवसांचं होतं हे वर कुणाला कळणार? आमच्या त्या काळच्या रजिस्टरावरून कुणी निष्कर्ष काढला असता, तर पुण्याच्या मानानं सातपुड्यात अपुऱ्या दिवसांची बाळं फार होत नाहीत असाच काढला असता. पुण्यात ती मोजली जात होती. आमच्याकडे ती वजनाच्या रकान्यात हरवत होती.

या एका फरकामुळे औषधसुद्धा उलटू शकतं, हे मला नंतर कळलं. चौतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं देतात, बारा-बारा तासांनी. बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. १९७२ साली न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवून दिलेली ही गोष्ट. साधं, स्वस्त औषध, आपल्या प्राथमिक केंद्रावरही मिळणारं. ते खेड्यापाड्यांत सर्रास द्यावं का, याचा सहा देशांत अभ्यास झाला, भारतात बेळगाव आणि नागपूर भागात. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले ते धक्कादायक होते : फार लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत, आणि एकंदर नवजातांचे मृत्यू उलट वाढले. त्या अभ्यासात आठवडे नक्की करता येत नव्हते म्हणून वजनावरून कमी दिवसांची बाळं ठरवली होती, आणि इंजेक्शनं मिळालेल्यांत पूर्ण दिवसांच्या बायकाही पुष्कळ होत्या. पुढे भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत दुसरा अभ्यास झाला. तिथं सोनोग्राफीनं आठवडे पक्के करून मगच औषध दिलं, आणि २०२० साली दिसलं की बाळं वाचतात. औषध तेच. हे वाचलं त्या दिवशी मला मावशींचा भोंगऱ्या आठवला. कुणी म्हणेल, हा काय अडाणी हिशेब! पण पहिली सोनोग्राफी न झालेल्या बाईला इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरवताना हाच हिशेब हाताशी असतो.

देशभराच्या आकड्यांकडे मी याच नजरेनं बघते. २०२० साली भारतात अंदाजे तीस लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली. जगातल्या अशा बाळांपैकी पाचातलं एक आपलं. शंभरातली तेरा, असं प्रमाण सांगतात. पण ही तेरा सगळीकडे सारखी वाटलेली नाहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे केलेला एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. हवेतल्या सूक्ष्म धुळीचा आणि बाळंतपणाचा संबंध त्यात तपासला होता, मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेचे आणि दिल्ली आयआयटीचे संशोधक त्यात होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत सगळ्यात वर हिमाचल प्रदेश, एकोणचाळीस टक्के. मग उत्तराखंड सत्तावीस, राजस्थान अठरा, दिल्ली सतरा. सगळ्यात कमी मिझोराम, मणिपूर, त्रिपुरा.

आमच्या परिचारिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ही बातमी फिरली तेव्हा सगळ्यांचं एकच : हिमाचल? शिकलेल्या बायका, दवाखान्यात बाळंतपणं, आणि शंभरात एकोणचाळीस? हिमाचलची एक सिस्टर माझ्याबरोबर दिल्लीला प्रशिक्षणात होती. मी तिला फोन केला. ती म्हणाली, आमच्याकडे बायका पोटुशी असताना गवताचे भारे चढावरून वाहतात, थंडीत बंद घरात चूल पेटलेली असते, ते सगळं खरं. पण आमच्या कक्षात एवढी बाळं काही येत नाहीत.

मी तिच्या बोलण्यावर बरेच दिवस विचार करत होते. धुरामुळे आणि धुळीमुळे बाळं आधी येतात यावर माझा विश्वास आहे. उत्तरेच्या मैदानी पट्ट्यात प्रदूषण जास्त आणि तिथंच बाळंतपणाचा धोका जास्त, हे त्या अभ्यासातलं म्हणणं मला पटतं. चुलीचा धूर मी सातपुड्यात रोज बघितलाय. पण हे सर्वेक्षण आईला विचारून होतं, आणि उत्तर महिन्यांत घेतलं जातं. इथं जरा हिशेब करून बघावा. शेवटच्या पाळीपासून आठ महिने पूर्ण म्हणजे जवळपास पस्तीस आठवडे, नऊ पूर्ण म्हणजे एकोणचाळीस. अडतिसाव्या आठवड्यात बाळंत झालेली बाई, जिचं बाळ पूर्ण दिवसांचंच आहे, ती काय सांगेल? “आठ भरले होते, नववा चालू होता.” ऐकणारा आठ लिहील किंवा नऊ. आठ लिहिले तर तिचं धडधाकट बाळ अपुऱ्या दिवसांच्यात गेलं. त्यात आणखी एक : पुष्कळ बायका शेवटच्या पाळीपासून न मोजता पाळी चुकली तेव्हापासून मोजतात. तिथंच चार आठवडे गळतात. आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात आणि डॉक्टर शेवटच्या पाळीला नऊ महिने सात दिवस मिळवून तारीख काढतात, म्हणजे जुन्या बायका पाळीपासूनच मोजत असाव्यात. पण सगळ्या मुलुखांत, सगळ्या जातीजमातींत मोजायची सुरुवात एकच आहे असं मला काही दिसलं नाही. एका जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत मी दोन रिती बघितल्या आहेत.

म्हणून मोठी दरी दिसली की मी दोन प्रश्न विचारते. तिथल्या बाया कशा जगतात, आणि तिथं त्यांना दिवस कुणी, कसे विचारले? हिमाचलचा आकडा खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. तो एकोणचाळीस आहे म्हणून केवळ हवेला दोष देऊन मोकळं होता येणार नाही, आणि मणिपूरचा कमी आहे म्हणून तिथल्या आयांकडे दुर्लक्ष करता येणार नाही, एवढंच. या बाबतीत मला एक काम फार मोलाचं वाटतं. गुरुग्रामच्या शासकीय रुग्णालयात २०१५ पासून हजारो गर्भवतींच्या नोंदी ठेवून, त्यावरून भारतीय बाळांसाठी आठवडे काढायचं सूत्र आयआयटी मद्रास आणि फरिदाबादच्या एका संशोधन संस्थेनं मिळून बसवलं, २०२४ साली ते जाहीर झालं. आजवर आपण परदेशी बाळांवरून बसवलेली सूत्रं वापरत होतो. उशिरा पहिल्यांदा सोनोग्राफीला येणाऱ्या बाईसाठी अशा गोष्टीची गरज आहे.

मोजणीतला घोळ सोडला तरी खरा फरक उरतोच. तो मी मराठवाड्यात बघितला. तिथल्या माझ्या नेमणुकीत वर्षाचे दोन भाग पडत. दसरा-दिवाळीला टोळ्या ऊसतोडीला निघाल्या की आमच्याकडची बाळंतपणं कमी व्हायची, आणि पाडव्याच्या आसपास कारखान्यांचे पट्टे पडले की बायका परतायच्या, कुणाच्या कडेवर बाळ, कुणाचं नसायचं. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल घेतलेली असते, म्हणून बाई गरोदर आहे ही गोष्ट मुकादमाला सांगायचीही भीती. पहाटे अंधारात फडावर जायचं, वाकून तोडायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची, रात्री कोपीत येऊन भाकरी थापायच्या. पाणी कमी प्यायचं, कारण आडोसा नाही. लघवीला जळजळ होते, ताप येतो, गोळी घेऊन पुन्हा फडावर. लघवीतला जंतुसंसर्ग हे कळा आधी सुरू होण्याचं एक ओळखीचं कारण आहे, आणि ते दोन रुपयांच्या पट्टीनं शोधता येतं. तालुक्याला पट्टी असते. बाई कोल्हापूरच्या नाही तर बेळगावच्या शिवारात असते.

वयाचंही तेच. त्याच पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात विशी-चोविशीतल्या शंभर बायकांपैकी बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसतं. बीडमध्ये हा आकडा चाळीसच्या वर आहे. मुलीला मागे एकटं ठेवून तोडीला जायचं कसं, म्हणून लग्न, आणि लग्न झालं की कोयता पुरा होतो. सोळा-सतरा वर्षांची आई, अंगात रक्त नाही, पहिलं बाळंतपण फडाच्या हंगामात. अशा मुलींची बाळं माझ्याकडे यायची तेव्हा आजी म्हणायची, “सिस्टर, लेकरू लई बारकं हाय, हाताला लागंना.” मला आधी आईकडेच बघवत नसे.

यात एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथं होते. म्हणजे मराठवाड्यातल्या बाईचं अपुऱ्या दिवसांचं बाळ सांगलीला झालं की ते सांगलीच्या आकड्यात. ते तिथं दगावलं तर तेही तिथंच. ज्या तालुक्यात ती लहानाची मोठी झाली, जिथं तिचं रक्त कमी झालं, जिथं तिचं लग्न लावलं गेलं, तो तालुका कागदावर त्या बाळापुरता निर्दोष. जिल्ह्याजिल्ह्यांचे नकाशे लाल-पिवळ्या रंगांत रंगवलेले मी बैठकीत बघते, आणि दरवेळी वाटतं की यात हंगामाचा रंग कुठं आहे?

बाळं आधी जन्मण्याच्या फरकापेक्षा ती वाचण्याचा फरक मोठा आहे, हे मात्र मला सर्वांत जास्त सलतं. २०२० च्या नमुना नोंदणीच्या आकड्यांप्रमाणे जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत केरळात हजारातली चार बाळं गेली, महाराष्ट्रात अकरा, मध्य प्रदेशात एकतीस. नंदुरबारमध्ये मध्य प्रदेशातल्या खेतियाकडून आलेली आई आणि पुण्यातली माझी मल्याळी सहकारी या दोघींच्या राज्यांत एवढं अंतर. ती सहकारी सांगायची की त्यांच्याकडे गरोदर बाई तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात येणार हे गृहीतच आहे, त्यात सांगायचं काय. मला तिचं ते ‘त्यात सांगायचं काय’ अजून आठवतं. नंदुरबारमध्ये आम्ही त्याच एका गोष्टीसाठी वर्षानुवर्षं पाड्यापाड्यांवर हिंडलो.

आणि महाराष्ट्रानं यातून मार्ग काढून दाखवला नाही असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्याच आरोग्यदूतांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि ३९ गावांमधले नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली हे लॅन्सेटमध्ये छापून आलं. आज देशभर आशाताई घरी जाऊन बाळ तपासतात, त्याचं मूळ तिथं आहे. मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, देशातली पहिली. ज्याच्या आईला दूध आलेलं नाही त्या बाळाला वरचं दूध द्यावं लागू नये म्हणून.

माझ्या हातून जे सगळ्यात परिणामकारक काम झालं ते यंत्रांचं नव्हतं. बाळाला उघडं करून आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये उभं धरायचं, वरून कापड बांधायचं, आणि तासन्‌तास तसंच ठेवायचं. कांगारू पद्धत. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात वॉर्मर पुरेनात तेव्हा ती सुरू झाली. पूर्वी आम्ही बाळ स्थिर होईपर्यंत थांबायचो. २०२१ साली आलेल्या अभ्यासानं, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं, दाखवलं की जन्मल्याबरोबर सुरू केलं तर एक ते १.८ किलोच्या बाळांचे मृत्यू पंचवीस टक्क्यांनी घटतात. त्यानंतर आम्ही आईची खाटच आत घ्यायला लागलो. सुरुवातीला विरोध झाला. बाहेरच्या माणसांनी संसर्ग येईल असं काही वरिष्ठांचं म्हणणं होतं. आई बाहेरचं माणूस कशी, हे पटवायला वेळ लागला.

मराठवाड्यात तर आजी, मावशी, नणंद, कधी बापसुद्धा कांगारूला बसले. एका आईला मुकादमाचे सारखे फोन येत होते, टोळी कमी पडतेय म्हणून. ती तिसऱ्या आठवड्यात तोडीला परत गेली. बाळाची आजी त्याला छातीवर बांधून आमच्याकडे राहिली आणि दूध आम्ही शीतपेटीतलं, आधीच काढून ठेवलेलं, पुरवून पुरवून दिलं. बाळ वाढलं. ते पाहून आनंद झाला, पण त्या आईला जावं लागलं यातला अन्याय त्या आनंदानं भरून निघत नाही.

सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, हा समज मला सगळीकडे भेटला. पुण्यात, सातपुड्यात, मराठवाड्यात. एका आजीनं मला हात जोडून सांगितलं, “बाई, कागदावर सातवा लिवा.” बाळ चौतीस आठवड्यांचं होतं. त्या घरानं त्याच्यावर पाणी सोडायची तयारी केली होती, ते घरी न्यायचं म्हणत होते. मी त्यांना शेजारच्या वॉर्मरवरचं एकोणतीस आठवड्यांचं बाळ दाखवलं, त्याची कातडी, त्याचा श्वास, आणि म्हणाले की पोटातला एकेक दिवस बाळाच्या बाजूचा असतो, तुमच्या बाळानं याच्यापेक्षा पस्तीस दिवस जास्त कमावले आहेत. ते थांबले. सातवा मी लिहिला नाही. पण तेव्हापासून माझ्या मनात येतं की सर्वेक्षणवाल्यांपुढे अशा किती घरांनी आशेपोटी महिना बदलून सांगितला असेल.

सध्या माझा सगळा जीव बाळ घरी सोडताना द्यायच्या सुटीच्या कार्डात अडकलेला असतो. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा पूर्ण वाढलेला नसतो. ऑक्सिजन लागलेल्या बाळांत तो बिघडायचा धोका अधिक. म्हणून दोन किलोच्या आतल्या किंवा चौतीस आठवड्यांच्या आतल्या प्रत्येक बाळाची चौथ्या आठवड्याच्या सुमाराला डोळ्यांची तपासणी व्हायलाच हवी. वेळेत लेसर झालं तर दृष्टी वाचते, उशीर झाला तर नाही. बाळ तोपर्यंत घरी गेलेलं असतं, वजन वाढत असतं, हसायला लागलेलं असतं. डोळ्यात काही बिघडतंय हे आईला दिसणं शक्यच नाही. आणि ऊसतोडीच्या घरातलं बाळ चौथ्या आठवड्यात कुठल्या फडावर असेल?

म्हणून आता बाळ घरी सोडताना मी आईला चारपाच गोष्टी विचारते. कुठल्या कारखान्याला जाणार, टोळीतल्या कुणाकडे फोन आहे, जवळचं मोठं गाव कुठलं. मग तिथल्या डोळे तपासणाऱ्या केंद्राचं नाव, तपासणीची तारीख, बाळाचे आठवडे आणि ते कशावरून काढले, सोनोग्राफीवरून, पाळीवरून की तपासून, हे मोठ्या अक्षरात कार्डावर लिहून देते. माझ्या हाताखालच्या नव्या सिस्टर सुरुवातीला विचारतात की कशावरून काढले ते कशाला लिहायचं. मागच्या हंगामात कर्नाटकातल्या एका केंद्रातून त्याच कारणासाठी फोन आला. तिथल्या डॉक्टरांना वजनावरून बाळ पूर्ण दिवसांचं वाटत होतं आणि ते त्याला परत पाठवणार होते, पण कार्डावर ‘तपासून, तेहतीस’ असं होतं म्हणून त्यांनी खात्री करून घेतली. मी त्यांना तळव्यांचं, कानांचं, सगळं सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी डोळे तपासले.

यंदा तोडीला गेलेल्या बाळांपैकी काहींच्या तपासणीच्या तारखा या आठवड्यात आहेत. ज्यांचे फोन लागतात त्यांना आम्ही आठवण करतोय, ज्यांचे लागत नाहीत त्यांच्या मुकादमांचे नंबर आशाताई शोधताहेत.